बाकड्यावरचं नाव

आमच्या कोपऱ्यावर एक बसथांबा आहे. स्टीलचे चार खांब, वर निळा पत्रा, खाली दोन बाकडी आणि मागे थांब्याच्या मानाने अंमळ मोठीच पाटी. पाटीवर खासदारांचा फोटो, नाव, आणि 'यांच्या स्थानिक विकास निधीतून'. बस मात्र तिथे थांबत नाही. पूर्वीपासून चाळीस पावलं पुढे वडाखाली थांबायची, अजूनही तिथेच थांबते. त्यामुळे संध्याकाळी बाकडी आमच्या ताब्यात.

परवा तिथे विषय निघाला की खासदारांनी पाच वर्षांत केलं काय? आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ काका बोटांवर मोजायला लागले. "हा थांबा. देवळासमोरचा हायमास्ट. स्मशानभूमीची शेड. आणि ती ओपन जिम." दुसरे म्हणाले, "मागच्यांनी समाजमंदिर दिलं होतं, त्याला तोड नाही." झालं, समाजमंदिर विरुद्ध ओपन जिम असा सामना रंगला. माझी भाची एमपीएससीची तयारी करतेय, ती सोबत होती. हळूच म्हणाली, "मामा, हे सगळं नगरसेवकाचं काम ना?"

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा. (आणि मी कुठल्या मतदारसंघात राहतो ते सांगणार नाही. सांगितलं की कमेंटमध्ये दोन तट पडतील आणि मुद्दा वडाखाली निघून जाईल.)

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण खासदाराला चुकीचा हिशेब मागतो. आणि तो चुकीचा हिशेब त्याला फार सोयीचा पडतो.

आधी आकडे. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी. लोकसभेचे ५४३ आणि राज्यसभेचे २४५, मिळून ७८८ जण. सगळ्यांचे मिळून वर्षाला ३,९४० कोटी. आता २०२३-२४ चा केंद्राचा अर्थसंकल्प घ्या, ४५ लाख कोटी रुपयांचा. म्हणजे शंभर रुपयांतले नऊ पैसेसुद्धा नाहीत. या नऊ पैशांवर आपण खासदाराची परीक्षा घेतो, पास-नापास ठरवतो, पाट्या लावतो. उरलेल्या नव्याण्णव रुपये एक्क्याण्णव पैशांचं काय झालं, हे त्याला बाकड्यावर बसून आजवर कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

बरं, तो निधी तरी त्याचा आहे का? खासदार फक्त काम सुचवतो. मंजुरी, अंमलबजावणी, बिलं हे सगळं जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेकडे. आणि योजना सरकारची, सरकारच्या मर्जीवर चालणारी. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडचं कारण देऊन मंत्रिमंडळाने एका बैठकीत तो निधी स्थगित करून टाकला, पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू केला. मंत्रिमंडळ देतं, मंत्रिमंडळ काढून घेतं. याला अधिकार म्हणत नाहीत, पॉकेटमनी म्हणतात.

अधिकार वेगळा आहे, तो राज्यघटनेने दिलाय आणि कुठलंही मंत्रिमंडळ एका बैठकीत तो स्थगित करू शकत नाही. कायद्याच्या आधाराशिवाय सरकारला एक रुपयाचाही कर लावता येत नाही, अनुच्छेद २६५. गोळा झालेला पैसा एकत्रित निधीत जातो, अनुच्छेद २६६. त्या तिजोरीतून पैसा काढायचा तर विनियोजन कायदा लागतो, आणि तो होण्याआधी प्रत्येक खात्याला लोकसभेपुढे हात पसरून उभं राहावं लागतं. त्याला नावच 'अनुदानाची मागणी' असं आहे. मला हा शब्द फार आवडतो. संरक्षण असो, रेल्वे असो, शेती असो, केवढाही मोठा मंत्री असो, तो 'मागतो' आणि लोकसभा 'देते'. देताना कमीही करू शकते, नाहीही म्हणू शकते. वाढवू मात्र शकत नाही. कर्जाचं व्याज, राष्ट्रपतींचा आणि न्यायाधीशांचा पगार असे काही खर्च थेट निधीवर भारित असतात, त्यांच्यावर मतदान नसतं. व्याजाचाच आकडा त्या वर्षी जवळपास १०.८ लाख कोटी होता, म्हणजे हिशेबातून तेवढं वजा करा. तरी उरतं ते काय थोडंथोडकं आहे?

राज्यसभेला यात मत नाही. ती बोलू शकते, मागण्यांवर मतदान करू शकत नाही. धन विधेयक, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशांबद्दलचं विधेयक, आलं तर १४ दिवसांत परत करायचं, शिफारशी करायच्या, त्या स्वीकारायच्या की नाही ते लोकसभा ठरवणार. आणि एखादं विधेयक धन विधेयक आहे का, यावर लोकसभेच्या अध्यक्षांचा शब्द अखेरचा. २०१६ मध्ये आधारचं विधेयक असंच धन विधेयक म्हणून आलं. राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने त्या त्याच दिवशी फेटाळल्या. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यात आज शिरत नाही. मुद्दा हा की तिजोरीची किल्ली नेमकी त्या ५४३ जणांकडे आहे, ज्यांना तुम्ही-आम्ही बोट काळं करून निवडतो. ४५ लाख कोटी भागिले ५४३ करून बघा. एकेका मतामागे सव्वाआठ हजार कोटींहून जास्त येतात. आमच्या बसथांब्यावर ज्यांचा फोटो आहे, त्यांच्याही मतामागे.

आता ही किल्ली वापरतात कशी, ते बघा.

२३ मार्च २०२३. त्या अधिवेशनात रोज गोंधळ चालला होता. विरोधकांना अदानी प्रकरणी संयुक्त संसदीय समिती हवी होती, सत्ताधाऱ्यांना राहुल गांधींची लंडनमधल्या भाषणाबद्दल माफी हवी होती. काही निवडक मंत्रालयांच्या मागण्या चर्चेला घ्यायचं ठरलं होतं. एकाही मंत्रालयावर एक मिनिटही चर्चा झाली नाही. त्या दिवशी संध्याकाळी गिलोटिन लावलं, म्हणजे चर्चा तिथेच तोडली. सगळ्या मागण्या एकत्र मताला टाकल्या. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं. 'होय' ऐकू आलं, 'नाही' घोषणांमध्ये विरघळलं, काही मिनिटांत मागण्या मंजूर, त्यांच्यामागे विनियोजन विधेयकही मंजूर. दुसऱ्या दिवशी वित्त विधेयकही तसंच.

तुम्हाला आठवतंय का त्या रात्रीच्या बातम्यांत काय होतं? नसेलच आठवत, कारण त्याच दिवशी सुरतच्या न्यायालयाने राहुल गांधींना दोन वर्षांची शिक्षा सुनावली होती. सगळे चॅनेल तिकडे. ४५ लाख कोटी आतल्या पानावर.

लगेच कुणी झेंडा घेऊन उठू नका. २०१८ मध्ये हेच झालं, आणि २००४ आणि २०१३ मध्येही झालं होतं, तेव्हा सरकार दुसऱ्यांचं होतं. एरवीच्या 'चांगल्या' वर्षीसुद्धा चार-पाच मंत्रालयांवर चर्चा होते आणि बाकीचा सगळा गठ्ठा शेवटच्या दिवशी त्याच पात्याखाली जातो. सभागृहातले लोक हा शब्द किती सहज वापरतात! 'आज सहा वाजता गिलोटिन आहे.' जसं आपण म्हणतो, आज सहाला पाणी येणार आहे.

भाचीला विचारलं, "कपात सूचना म्हणजे काय गं?" तिने डोळे मिटून सांगितलं. "तीन प्रकार, मामा. धोरण पटत नसेल तर मागणी एक रुपयावर आणा. काटकसर हवी असेल तर ठरावीक रक्कम कापा. आणि एखादी तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपये कापा." बरोबर. शंभर रुपये! हजारो कोटींच्या मागणीतून शंभर रुपये कापायची सूचना द्यायची आणि त्या निमित्ताने आपल्या भागातलं रखडलेलं धरण, बंद पडलेलं टपाल कार्यालय सभागृहात आणायचं. केवढं सुंदर हत्यार आहे हे. मी म्हटलं, "आणि अशी सूचना मंजूर झाली तर?" "सरकार पडल्यात जमा." "मग शेवटची कधी मंजूर झाली?" यावर ती गप्प. ते गाईडमध्ये नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये विरोधकांनी एकजुटीने कपात सूचनांवर मतविभागणी मागितली होती, तेव्हा सरकारची थोडी धावपळ झाली. २०१ विरुद्ध २८९ ने ती सूचना पडली. विचार करा, नुसती मतविभागणी झाली म्हणून ती लक्षात राहिली.

का होत नाही असं? कारण खासदार उभा राहायच्या आधी त्याच्या खिशात पक्षादेश, म्हणजे व्हिप असतो. १९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती, दहावं परिशिष्ट, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा. हरियाणाच्या गया लाल यांनी १९६७ मध्ये पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, तेव्हापासूनचं आयाराम-गयारामांचं दुखणं त्यातून बरं व्हायचं होतं. ते किती बरं झालं, हे महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला नव्याने सांगायची गरज नाही. २०२२ पासून आपण सगळेच त्या परिशिष्टाचे पदवीधर आहोत. पण औषधाचा दुसरा परिणाम कुणी बघितला नाही. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं, आणि ते फक्त अविश्वास ठरावापुरतं नाही. अर्थसंकल्प, साधं विधेयक, कशावरही व्हिप निघतो. आमच्या खासदारांना समजा उद्या वाटलं की जलशक्ती मंत्रालयाच्या मागणीत आपल्या जिल्ह्यावर अन्याय झालाय, आणि ते सत्ताधारी पक्षाचे असले, तर ते करणार काय? बोलतील, मत मात्र 'होय'च. जो मुळात सव्वाआठ हजार कोटींचा धनी, त्याला हात वर करण्यापलीकडे काम ठेवलं नाही, आणि समजूत काढायला पाच कोटी दिले. मग तो बिचारा बाकडी वाटणार नाही तर काय करणार?

हे माझं मत आहे, पटलं नाही तर सांगा. पण दहाव्या परिशिष्टाचा धाक फक्त सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरता ठेवावा. बाकी मतं मोकळी सोडावीत.

तरी सगळा दोष व्हिपवर ढकलून मी खासदारांना सोडणार नाही. प्रश्न विचारायला व्हिप लागत नाही. लोकसभेत अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास असतो. वीस तारांकित प्रश्न सोडतीने निवडतात, त्यांची तोंडी उत्तरं द्यावी लागतात. गंमत छापील उत्तरात नसते, पुरवणी प्रश्नात असते. मंत्री उभा, अधिकाऱ्यांच्या दालनातून चिठ्ठ्या येतायत, आणि समोरचा खासदार कागद न बघता विचारतोय. तिथे खातं कळलेला मंत्री कोण आणि न कळलेला कोण, ते दोन मिनिटांत दिसतं.

या प्रश्नाची ताकद किती, त्याची एक गोष्ट सांगतो. १९५१, अजून पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती, हंगामी संसद होती. मुंबईचे एक सदस्य एच. जी. मुद्गल. बॉम्बे बुलियन असोसिएशन या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेचं काम सभागृहात करायचं आणि मोबदला घ्यायचा, असा आरोप. चौकशी समिती नेमली, तिचे अध्यक्ष टी. टी. कृष्णमाचारी. समितीने दोषी ठरवलं, हकालपट्टीचा ठराव आला, मुद्गलांनी त्याआधीच राजीनामा दिला. विकलेल्या प्रश्नाची शिक्षा.

सहा वर्षांनी न विकलेला प्रश्न आला. आयुर्विमा महामंडळ नुकतंच स्थापन झालेलं, १९५६ मध्ये. त्याने हरिदास मुंदडा नावाच्या कलकत्त्याच्या उद्योगपतीच्या कंपन्यांचे शेअर सव्वा कोटीच्या आसपास रक्कम मोजून घेतले. फिरोज गांधींनी हे लोकसभेत लावून धरलं. ते काँग्रेसचे, सत्ताधारी बाकांवरचे, वर पंतप्रधानांचे जावई. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे गेली, मुंबईत लोकांसमोर सुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. अर्थमंत्री कोण होते? टी. टी. कृष्णमाचारी. ज्यांनी प्रश्नाची किंमत घेणाऱ्याची चौकशी केली, त्यांनाच प्रश्नाची किंमत मोजावी लागली. सिनेमावाल्यांना असं सुचत नाही.

सव्वा कोटी! आज एका खासदाराच्या वर्षाच्या निधीचा तो चौथा हिस्सा. रुपयाची किंमत तेव्हा वेगळी होती, मान्य. पण त्या रकमेवरून देशाचा अर्थमंत्री गेला, तोही विरोधकांमुळे नव्हे, स्वतःच्याच पक्षातल्या माणसामुळे.

आणि आपल्याकडचीच उदाहरणं हवी असतील तर राजापूर मतदारसंघ घ्या. आता तो नावाने उरलेला नाही, पुनर्रचनेत रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. माझे आजोबा तिथले मतदार. त्या मतदारसंघाने १९५७, १९६२ आणि १९६७ असं तीनदा बॅरिस्टर नाथ पैंना पाठवलं, आणि १९७१ पासून सलग पाच निवडणुका मधु दंडवत्यांना. दोघेही बहुतेक काळ विरोधी बाकांवर. स्थानिक विकास निधी सुरू झाला डिसेंबर १९९३ मध्ये, म्हणजे या दोघांनी मिळून तिथून एकही बाकडं दिलेलं नाही. एकही हायमास्ट नाही. आणि कोकणातला तो माणूस, ज्याच्या गावात तेव्हा वीज नव्हती, रस्ता जेमतेम, तो या दोघांना पुन्हा पुन्हा निवडून देत होता. आजोबांना विचारलं की म्हणायचे, "अरे, आमचा नाथ बोलायला लागला की नेहरू ऐकतात." खरं-खोटं त्यांनी काही बघितलेलं नव्हतं, वर्तमानपत्र दोन दिवसांनी यायचं. पण खासदार कशासाठी पाठवायचा, ते त्यांना माझ्यापेक्षा नीट कळत होतं.

१९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही. तेव्हा घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेला पूर्ण असला पाहिजे असं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायचं विधेयक, आणलं ते नाथ पैंनी. देशाच्या सर्वोच्च कायदेमंडळाला अधिकार किती, हा प्रश्न सरकारने नाही, राजापूरच्या खासदाराने सभागृहापुढे ठेवला. ते विधेयक त्यांच्या हयातीत झालं नाही, जानेवारी १९७१ मध्ये ते गेले. त्याच वर्षी सरकारने २४ व्या दुरुस्तीने तेच केलं, आणि १९७३ मध्ये केशवानंद भारती निकालाने त्याला मूलभूत चौकटीची वेसण घातली. स्वातंत्र्यापासून आजवर फक्त १४ खासगी विधेयकांचे कायदे झालेत, शेवटचा १९७० मध्ये. त्या चौदांतलं एक फिरोज गांधींचं, संसदेच्या कामकाजाचं वार्तांकन करणाऱ्या वर्तमानपत्रांना संरक्षण देणारं. आता शुक्रवारी दुपारी खासगी विधेयकं येतात तेव्हा निम्मे सदस्य विमानतळाच्या रस्त्यावर असतात.

सगळंच मोडीत निघालंय असं मात्र मी म्हणणार नाही. समित्या आहेत. खात्यांशी जोडलेल्या स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदी आपले लातूरचे शिवराज पाटील होते. आता अशा २४ आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. दार बंद, कॅमेरा नाही. कॅमेरा नसल्यामुळे ओरडून फायदा नसतो, मग माणसं कागद वाचतात. सचिवांना समोर बसवून विचारतात, मागच्या वर्षीचे पैसे का पडून राहिले? अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत अनुदानाच्या मागण्या या समित्या तपासतात, अहवाल देतात. अहवाल वाचनीय असतात, खरंच. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधकांकडे द्यायचा संकेतही अजून टिकलाय. पण विधेयकं समितीकडे पाठवायचं प्रमाण बघा. पंधराव्या लोकसभेत शंभरातली ७१ जायची, सतराव्या लोकसभेत १६ गेली. आणि बसायचे दिवस? पहिली लोकसभा ६७७ दिवस बसली, सतरावी २७४. दुकान उघडलंच नाही तर माल बघणार कधी?

तर आमच्या बाकड्याचं पुढे काय झालं.

भाचीने लोकसभेच्या संकेतस्थळावर आमच्या खासदारांचं पान उघडलं. किती प्रश्न, किती चर्चा, सगळं असतं तिथे, कुणीही बघू शकतं. मग तिने एक कागद तयार केला. गेल्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आपण कुठल्या मंत्रालयाच्या मागणीवर बोललात? कपात सूचना दिलीत का? आपल्या स्थायी समितीच्या किती बैठकींना हजर होतात? तीन ओळी, खाली सही. आम्ही दोघं शनिवारी संपर्क कार्यालयात गेलो. टेबलावरचा मुलगा सज्जन होता, पाणी विचारलं. कागद दोनदा वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं.

"काका, यात काम कुठलं लिहिलंय?"

म्हटलं, "काम नाही, प्रश्न आहेत."

त्याने रजिस्टर ओढलं. त्यात नाव, गाव, मोबाइल, कामाचा प्रकार असे रकाने. कामाच्या प्रकारात रस्ता, गटार, दाखला, रुग्णालय, बदली, इतर. जरा विचार करून त्याने 'इतर'वर खूण केली, कागदावर शिक्का मारला आणि आम्ही उठलो तेव्हा अगदी मनापासून म्हणाला, "साहेब दिल्लीहून आले की दाखवतो. आणि काका, तुमच्या थांब्यावर अजून एखादं बाकडं लागत असेल तर आत्ताच पत्र देऊन ठेवा, या वर्षीच्या यादीत बसवतो."